मिशनरी हायस्कूलमधली शिस्त, एका आईचा अनुभव (नववी, धुळे) ४/५

शाळेचं नाव मुद्दाम लिहित नाहीये, कारण यात दुसऱ्याच्या लेकराची गोष्ट आहे आणि आपल्या धुळ्यात माणसं दोन मिनिटात ओळखून काढतात. फादर लोकांची कॅथलिक शाळा, इंग्लिश मीडियम, माझा मुलगा सातवीपासून तिथं आहे. फी, रिझल्ट, ग्राउंड यावर बाकीचे लिहितातच, मी फक्त शिस्त आणि मुलांची सुरक्षा यावर लिहितेय.

झालं असं की यांच्या वर्गात साक्रीकडच्या खेड्यातून एक मुलगा नवीन आला. गणिताच्या तासाला सरांनी विचारलं कोणाला येतं, तर तो पटकन उठून म्हणाला, "सर, माले येस." म्हणजे अहिराणीत 'मला येतं'. सगळा वर्ग हसला. इथपर्यंत ठीक, पण माझ्या मुलाने घरी येऊन त्याच्या आवाजाची नक्कल करून व्हिडिओ बनवला, त्याचा फोटो लावला आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवसापासून सगळे त्याला येस येस म्हणून चिडवायला लागले. चार दिवस तो मुलगा शाळेतच आला नाही. आमच्या घरात सासूबाई दिवसभर अहिराणीच बोलतात हो, आणि त्याच घरात बसून माझ्या पोराने हे केलं, मला फादरांचा फोन आला तेव्हा अक्षरशः काही बोलता येईना.

मला वाटलं आता सस्पेंड करतील नाहीतर टीसी देतील. आधीच्या एका शाळेत (नाव नको) हा सहावीत असताना मारामारी झाली म्हणून एप्रिलच्या उन्हात दोन तास ग्राउंडवर उभा केलेला, संध्याकाळी ताप भरला, आणि ज्या मुलाला याने मारलं होतं त्याला तुला काय लागलं हे कोणी विचारलं पण नव्हतं. माझा मुलगा घरी येऊन म्हणाला, झालं ना, शिक्षा भोगली. त्याच्यापुरता विषय संपला.

इथं फादर आधी त्या मुलाच्या घरच्यांना वेगळे भेटले, आम्हाला वेगळे भेटले. त्या मुलाला स्पष्ट सांगितलं की तुला समोरासमोर बसायचं नसेल तर बसू नको, आम्ही दुसरा मार्ग काढू. तो हो म्हणाला मगच शनिवारी शाळा सुटल्यावर लायब्ररीत गोल खुर्च्या मांडल्या, मध्ये टेबल नाही. दोन्ही मुलं, आम्ही दोघी आया, क्लास टीचर, काउन्सेलर सिस्टर, फादर. ज्याच्या हातात पेन त्यानेच बोलायचं. प्रश्न साधेच, काय झालं, तेव्हा तुझ्या मनात काय होतं, याचा त्रास कोणाकोणाला झाला, आता ते नीट करायला काय करावं लागेल.

त्याची आई अहिराणीतच बोलली. "मना पोऱ्या दोन दिन जेवना नही," एवढंच म्हणाली आणि पेन पुढे दिलं. माझा मुलगा तोपर्यंत मस्करी होती मस्करी होती करत होता, त्यानंतर खाली बघत बसला तो वर बघेचना.

मग त्या मुलाला विचारलं तुला काय हवंय. त्याला सॉरी नको होतं. तो म्हणाला ज्याच्या ज्याच्या फोनमध्ये व्हिडिओ आहे त्या प्रत्येकाकडे याने स्वतः जायचं आणि डिलीट करायला सांगायचं. चाळीसच्या वर मुलं आहेत वर्गात. माझ्या मुलाला आठ दिवस लागले, काही जणांच्या घरी मी स्कूटीवर घेऊन गेले, दारात उभं राहून प्रत्येक वेळी काय केलं ते सांगायचं. माझ्या मिस्टरांचं म्हणणं होतं दोन कानाखाली दिल्या असत्या तर बरं झालं असतं, पण मला विचाराल तर उन्हातल्या दोन तासांपेक्षा हे कितीतरी जड होतं.

फादर म्हणाले आमच्या धर्मात पापकबुली झाली म्हणजे काम झालं असं नसतं, चोरलं असेल तर परत करायचं, कोणाची बदनामी केली असेल तर त्याचं नाव परत मिळवून द्यायचं. नंतर मी वाचलं, याला रिस्टोरेटिव्ह जस्टिस म्हणतात. कॅनडात १९७४ साली दोन पोरांनी दारू पिऊन २२ ठिकाणी तोडफोड केली होती, तर त्यांना त्या लोकांच्या दारात नेऊन नुकसान भरून द्यायला लावलं, तिथपासून हे वाढत गेलं. न्यूझीलंडमध्ये तर १९८९ पासून मुलांच्या गुन्ह्यात घरच्यांना सोबत बसवून ठरवायचा कायदाच आहे. आपल्याला गावच्या पंचांसारखं वाटेल, पण पंच स्वतः निकाल देतात, इथं ज्याला लागलंय त्याला आधी विचारतात.

आता महत्त्वाचं. मी फादरांना तोंडावर विचारलं की उद्या कोणी एखाद्या मुलीशी घाणेरडं वागलं तर तिलाही असंच गोलात बसवणार का. ते म्हणाले अजिबात नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे, त्यातल्या कलम १९ प्रमाणे कळल्याबरोबर पोलिसांना सांगावंच लागतं, शाळेने आपसात मिटवणं हाच गुन्हा आहे. मारहाणीत जखम झाली, धमकी आहे, तरी आधी मुलाला सुरक्षित करायचं, गोल नंतर, आणि तोही त्याने हो म्हटलं तर. १०९८ हा मुलांच्या मदतीचा हेल्पलाइन नंबर प्रत्येक मजल्यावर मोठ्या अक्षरात लावलाय.

एक स्टार कापला कारण सिस्टर आठवड्यातून दोनच दिवस असतात, बाकी दिवशी मुलांनी बोलायचं कोणाशी. सायकल स्टँडमागचा कॅमेरा दिवाळीपासून बंद आहे, मी तीनदा सांगितलं. आणि पालकांना पत्रं फक्त इंग्लिशमधे येतात, त्या मुलाच्या आईला पहिलं पत्र शेजारच्या मुलीकडून वाचून घ्यावं लागलं, हे मला फार लागलं. अहिराणीत नाही तर निदान मराठीत तरी द्या.

ॲडमिशनला जाणाऱ्यांनी एक करा, शिस्तीची लेखी पॉलिसी मागून घ्या. मारायचं नाही हे आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) कलम १७ मधे आहे, पण २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार अल्पसंख्याक शाळांना आरटीई लागू नाही, म्हणून शाळा स्वतः काय लिहून देते ते बघा. यांनी मला चार पानं दिली, त्यात मारणार नाही, उन्हात उभं करणार नाही असं स्पष्ट आहे.

त्या मुलाने अजून माझ्या मुलाशी दोस्ती केलेली नाही, करायलाच पाहिजे असंही कोणी म्हणत नाही. पण तो रोज शाळेत येतो, आणि परवा गणिताच्या तासाला परत उठला म्हणे.