बॅटरी पंपाचे आठ महिने: कोणता पार्ट बसतो, कोणता नाही

जूनमधल्या सोयाबीनच्या तणनाशकापासून जानेवारीतल्या हरभऱ्याच्या घाटेअळीपर्यंत १६ लिटरचा '१२ बाय ८' (१२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवर बॅटरीचा) फवारणीचा बॅटरी पंप सतत वापरात होता. पंप दमदार आहे. मात्र दुकानदार 'कुठलाही पार्ट कुठल्याही पंपाला बसतो' म्हणतो, त्यावर विसंबू नका.

बॅटरीचंच बघा. १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची लेड ॲसिड बॅटरी १५१ मिमी लांब, ६५ मिमी रुंद असते. '१२ बाय १२'ची लांबी तेवढीच, पण रुंदी ९८ मिमी. खालच्या कप्प्यात ती जातच नाही. कप्पा कापून बसवली तर झाकण उघडं राहतं आणि टाकीवरून ओघळलेलं औषध थेट टर्मिनलवर येतं. टर्मिनलची पट्टीही कुठे ४.८ मिमी, कुठे ६.३ मिमी असते. लहान पट्टीवर मोठी क्लिप पकडीने दाबून बसवली की ती ढिली राहते, तापते आणि प्लास्टिक वितळतं. क्लिपच बदला.

वजनाला कंटाळून लिथियम घेणार असाल तर आधी चार्जर तपासा. तीन सेलच्या लिथियम आयन पॅकला १२.६ व्होल्टचा चार्जर लागतो. जुना लेड ॲसिडचा चार्जर १४ व्होल्टच्या आसपास देतो, तो या पॅकला चुकूनही लावू नका. चार सेलच्या लिथियम आयर्न फॉस्फेट पॅकला १४.६ व्होल्टचा लागतो. हा पॅक महाग, पण आमच्याकडच्या उन्हात हाच घ्यावा.

जास्त प्रेशरसाठी डबल मोटार बसवायचा मोह मात्र टाळाच. करंट दुप्पट लागतो, म्हणजे त्याच बॅटरीवर पंप निम्माच वेळ चालतो. मूळची बारीक वायर आणि स्विचही तापतात. सप्टेंबरात कापूस छातीला लागतो तेव्हा जास्त प्रेशरचा बारीक फवारा अंगावरच येतो. २०१७ साली शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी दगावले, हे विसरून चालणार नाही.

त्यापेक्षा नोझलवर खर्च करा. कीटकनाशकाला पोकळ शंकूचं, तणनाशकाला पट्टा पडणारं नोझल. बोअरच्या क्षारांनी भोक खराब होतं, तेव्हा तारेने कोरू नका. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून जुन्या टूथब्रशने घासा. नोझल बदललं की माप घ्याच: १० बाय १० मीटर जागेवर नेहमीच्या चालीने साधं पाणी मारा, किती लिटर गेलं त्याला ४० ने गुणा. ४ लिटर गेलं तर एकरी १६० लिटर, म्हणजे बरोबर दहा पंप (भरलेल्या टाक्या).

मोटार फिरते पण प्रेशर येत नाही, अशा वेळी मोटार बदलायची घाई नको. टाकीतून मोटारीकडे येणाऱ्या नळीच्या नटातला वायसर चपटा होऊन हवा ओढतो; पाच-दहा रुपयांचं काम. तेही ठीक असेल तर पावडरचं औषध व्हॉल्व्हमध्ये अडकलेलं असतं. पावडर आधी बादलीत कालवून, फडक्यातून गाळूनच टाकीत ओता. ट्रिगर सोडल्यावरही मोटार थांबत नसेल तर प्रेशर स्विच गेला. लगेच बटण बंद करा, नाहीतर नळी उडते.

तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. २,४-डी मारलेला पंप नीट न धुता कापसाला लावला की पानं भेंडीच्या पानासारखी होतात. आणि हंगाम संपल्यावर लेड ॲसिड बॅटरी महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा, नाहीतर पुढच्या जूनला ती दोन पंपांतच बसेल.