हॅकर की हम्फ्री : आधी कोणाचं आत्मचरित्र हाती घ्यावं?

मंत्री आणि नोकरशाहीची खिल्ली उडवणाऱ्या ‘येस मिनिस्टर’ आणि ‘येस, प्राइम मिनिस्टर’ या बीबीसीच्या विनोदी मालिकांचे मिळून ३८ भाग आहेत. ते सगळे बघून झाले, आवडते भाग पुन्हापुन्हा बघून झाले, की ती माणसं प्रत्यक्षात कशी होती हे जाणून घ्यावंसं वाटतं. तिन्ही मुख्य नटांनी आत्मचरित्रं लिहून ठेवली आहेत. मंत्री जिम हॅकर झालेल्या पॉल एडिंग्टन यांचं ‘सो फार, सो गुड’ १९९५ मध्ये आलं. त्याच्या खात्याचा मुरलेला सनदी अधिकारी सर हम्फ्री ॲपलबी साकारणाऱ्या नायजेल हॉथॉर्न यांचं ‘स्ट्रेट फेस’ त्यांच्या निधनानंतर, २००२ मध्ये निघालं. खासगी सचिव बर्नार्ड वूली म्हणजे डेरेक फाउल्ड्स. त्यांचं ‘अ पार्ट वर्थ प्लेइंग’ २०१५ चं. तिन्ही इंग्रजीत आहेत. एकच घ्यायचं तर कोणतं, असं मला बरेच जण विचारतात.

मालिका कशी लिहिली गेली एवढंच हवं असेल, तर या तिघांपैकी कोणाकडेच जाऊ नका. त्यासाठी सहलेखक जोनाथन लिन यांचं ‘कॉमेडी रूल्स’ (२०११) आहे. नटाच्या हातात संहिता येते ती तयार होऊनच. ती बोलताना त्या माणसाच्या आयुष्यात काय चाललं होतं, हे मात्र नटच सांगू शकतो आणि या पुस्तकांकडे वळायचं ते त्यासाठी.

पहिला भाग बीबीसी टू वर २५ फेब्रुवारी १९८० ला लागला. तेव्हा एडिंग्टन ५२ वर्षांचे होते, हॉथॉर्न ५० चे. एडिंग्टन ‘द गुड लाइफ’ या विनोदी मालिकेमुळे ब्रिटनमध्ये घरोघरी पोचलेले होते. हॉथॉर्न नाटकवाल्यांना ठाऊक होते, पण रस्त्यात कोणी ओळखावं इतके नव्हते. जन्म कॉव्हेंट्रीचा, बालपण केपटाउनला, वडील डॉक्टर. १९५१ मध्ये ते नट व्हायला इंग्लंडला आले आणि पुढची पंचवीसेक वर्षं धडपडण्यात गेली. ‘स्ट्रेट फेस’ मला भिडलं ते या वर्षांमुळे. आपल्याला काम येतं हे माहीत आहे आणि विचारणारं कोणी नाही, अशी वर्षं ज्याने काढली आहेत, मग तो नट असो वा नसो, त्याने हे पुस्तक जरूर घ्यावं.

मालिका सुरू झाली आणि पारडं फिरलं. सर हम्फ्रीच्या भूमिकेसाठी हॉथॉर्न यांना चार वेळा बाफ्टा हा ब्रिटनचा मानाचा पुरस्कार मिळाला. चारही वेळा एडिंग्टन यांचं नामांकन होतं आणि एकदाही पुरस्कार नाही. खरं तर हम्फ्रीच्या त्या लांबलचक, श्वास न घेता म्हटलेल्या वाक्यांना हशा येतो तो हॅकरच्या चेहऱ्यामुळे. आधी समजल्याचा आव, मग शंका, मग घबराट. हे काम एडिंग्टन गुपचूप करत राहिले आणि टाळी समोरच्याला मिळू दिली. भाग पुन्हा लावाल तेव्हा हम्फ्री बोलत असताना हॅकरकडे बघा.

दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की मला दिसतं ते असं. सरकारात काय लपवायचं आणि कोणापासून, यावर ही मालिका उभी आहे. आणि ती करणाऱ्या दोघांकडेही जगापासून दूर ठेवलेलं काहीतरी होतं.

एडिंग्टन यांना तरुणपणीच त्वचेचा एक दुर्मीळ कर्करोग झाला होता. जवळपास चार दशकं ते तो अंगावर वागवत काम करत राहिले. हॅकर निवडणुकीच्या चिंतेने घामाघूम होत होता तेव्हाही तो आजार होताच. आजारी नटाला काम कोण देणार? म्हणून बाहेर वाच्यता नाही. अखेरच्या वर्षांत खुणा दिसायला लागल्या, तेव्हा त्यांनी लोकांना सांगितलं. पुस्तक आलं त्याच वर्षी, ४ नोव्हेंबर १९९५ ला ते गेले. त्या वर्षीच्या एका टीव्ही मुलाखतीत त्यांना विचारलं, लोकांनी तुम्हाला कसं आठवावं? याने फारसं कोणाचं वाईट केलं नाही, एवढं म्हणाले तरी पुरे, आणि तेही सोपं नाही, अशा अर्थाचं ते बोलले. हे क्वेकर, म्हणजे युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाच्या, संस्कारांत वाढलेल्या आणि तरुणपणी युद्धाला तत्त्व म्हणून नकार दिलेल्या माणसाचं बोलणं होतं. पुस्तकाचा स्वरही असाच शांत आहे. आजाराशी जगणारं कोणी तुमच्या घरात असेल, तर मी बिनदिक्कत एडिंग्टनच सुचवेन.

हॉथॉर्न यांची गोष्ट वेगळी. १९७९ पासून ट्रेव्हर बेंथम त्यांचे जोडीदार होते. घरच्यांना, मित्रांना ते माहीत होतं, पण वर्तमानपत्रांत त्याची चर्चा व्हावी अशी त्यांची इच्छा नव्हती. १९९५ मध्ये ‘द मॅडनेस ऑफ किंग जॉर्ज’ या चित्रपटासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं आणि नेमकं तेव्हाच दुसऱ्यांनी ते चव्हाट्यावर आणलं. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या आनंदाच्या आठवड्यांत! ‘स्ट्रेट फेस’ या नावाला म्हणूनच दोन अर्थ आहेत: हसू दाबून धरलेला चेहरा आणि समलिंगी नसल्याचा चेहरा. एडिंग्टन यांना आपलं गुपित निदान स्वतः उघड करता आलं. हॉथॉर्न यांच्या हातून ती संधी हिसकावली गेली, आणि ती दुखापत पुस्तकात जाणवते.

मालिकेचा एक किस्सा हवा असेल तर तोही हॉथॉर्न यांच्याकडे आहे. जानेवारी १९८४ मध्ये पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी एक छोटा प्रवेश आणला आणि एका पुरस्कार समारंभात या दोघांबरोबर तो स्वतः केला. अर्थशास्त्रज्ञांची पदंच रद्द करा, असं त्या हॅकर आणि हम्फ्रीला सांगतात. बाहेरून बघताना गंमत वाटते. पण आपल्या लोकप्रियतेचा राजकीय फायदा उठवला जातोय म्हणून दोघेही नाखूश होते, त्यातून सुटायचा प्रयत्नही त्यांनी केला, असं हॉथॉर्न लिहितात. पंतप्रधानांच्या कार्यालयाला नाही म्हणणं सर हम्फ्रीला जमलं असतं. पोटासाठी काम करणाऱ्या दोन नटांना जमलं नाही.

फाउल्ड्स यांचं पुस्तक हलकं, प्रसन्न आहे. मुलांच्या कार्यक्रमात बेझल ब्रश या कोल्ह्याच्या बाहुलीबरोबरची वर्षं, मग बर्नार्ड, मग ‘हार्टबीट’ या पोलीस मालिकेची तब्बल अठरा वर्षं. ब्रिटिश टेलिव्हिजनवर वाढलेल्यांना ते जास्त रुचेल. आपल्यापैकी ज्यांनी २००१ मध्ये फारूख शेख यांचं ‘जी मंत्रीजी’ हे हिंदी रूपांतर बघून मग मूळ मालिका शोधली, त्यांना त्यातले बरेच संदर्भ परके वाटतील. ते तिसऱ्या क्रमांकावर ठेवा.

उरले दोघे. भावनेने ओथंबलेलं नको, थोडक्यात आणि सभ्य हवं, तर एडिंग्टन. रंगभूमीचं वेड असेल, किंवा माणूस स्वतःबद्दल किती उघडं लिहू शकतो हे बघायचं असेल, तर हॉथॉर्न. त्यात थोडी कटुता आहे, १९९९ च्या त्यांच्या ‘किंग लिअर’ या नाटकावर समीक्षक तुटून पडले त्याचा सलही आहे, पण मला ते पुस्तक मोठं वाटतं. मला एकच निवडायला लावलंत तर मी ‘स्ट्रेट फेस’ घेईन, आणि पुढच्याच महिन्यात एडिंग्टनही मागवीन.