लटकत्या जुनिपरसाठी सोलापूरच्या होटगी रोडची नर्सरी : आठ महिन्यांचा अनुभव

माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. बावीस वर्षं तांब्याच्या तारेत हात आहेत, म्हणून बोन्सायची तार आपल्याला जमेलच असं धरून चाललो होतो. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणाहून (नाव घेत नाही) जुनिपर, म्हणजे बोन्सायसाठी वापरतात ते सदाहरित झाड, आणलं आणि यूट्यूबवर बघून एका रविवारात त्याला तारा गुंडाळल्या, वाकवलं, छाटलं, वर कुंडीही बदलली. महिनाभर ते हिरवंगार दिसत होतं. नंतर हात लावला तर पानं कुरकुरीत. जुनिपर मेलं तरी कित्येक आठवडे रंग सोडत नाही, हे तेव्हा कळलं. कुंडी उपसली तर वर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि आत आपली काळी माती, चिखलाचा गोळा. मुळं सडली होती. फार वाईट वाटलं.

त्यामुळे कुंडीच्या काठावरून खाली लटकणारं जुनिपर करायचं म्हणून गेल्या डिसेंबरात होटगी रोडच्या या नर्सरीत गेलो तेव्हा मनात धास्ती होती. नवरा-बायको चालवतात, बोन्सायचं सगळं ताई बघतात. मी एक भरगच्च, गोल वाढलेलं रोप उचललं, तर त्यांनी ते परत ठेवायला लावलं आणि कोपऱ्यातलं एकीकडे कललेलं, पेन्सिलीएवढ्या खोडाचं रोप आणून दिलं. "ह्याच्या खालच्या फांद्या बघा की ओ दादा, बुडापासून पाला हाय." खाली सोडायच्या झाडाला हीच गोष्ट लागते. जुनिपरची फांदी एकदा उघडी पडली की जुन्या लाकडातून फुटवा येईल याचा भरवसा नसतो. मला दिलेलं रोप महाग रोपापेक्षा दोनशे रुपयांनी स्वस्त होतं, हे मुद्दाम सांगतो.

तारा लावायला रविवारी सकाळी बोलावलं. दोन तासांचे तीनशे रुपये, तार धरून. त्या दोन तासांत मी जे शिकलो ते व्हिडिओंत शिकलो नव्हतो.

आधी खोडाला भिजवलेला ताग घट्ट गुंडाळला, म्हणजे वाकवताना साल फाटत नाही. मग खोडाच्या साधारण एक तृतीयांश जाडीची, तीन मिलिमीटरची अॅल्युमिनियमची तार. तिचं टोक खोडामागे मातीत खोलवर रोवलं, कारण तिथे तार हलली तर वरचा एकही वेढा धरत नाही. वेढे पंचेचाळीस अंशांत. माझा हात सवयीनं जवळजवळ वेढे टाकत होता, कॉइल भरतो तसे. ताईंनी माझं मनगट धरून तिरकं केलं. मी दुकानातून तांब्याची तार नेली होती. तांबं धरतं पक्कं, पण भट्टीत नरम केलेलंसुद्धा एकदा वाकलं की कडक होतं. मग चूक सुधारायला जावं तर फांदीच दुखावते. शिकणाऱ्यानं अॅल्युमिनियमच घ्यावं हे त्यांचं म्हणणं मला धंद्यातला माणूस म्हणून शंभर टक्के पटलं.

वाकवताना वळणाच्या बाहेरच्या अंगाला तारेचा वेढा हवा आणि आतून दोन्ही अंगठे. थोडं वाकवायचं, थांबायचं, पुन्हा थोडं. तिसऱ्या वेळी आतून बारीक 'कर्र' आवाज आला आणि त्यांनी लगेच माझे हात बाजूला केले. "आज एवढंच." मला अजून दोन इंच खाली न्यायचं होतं, त्या ऐकेनात. आकार कसा असावा हे त्यांनी भुईकोट किल्ल्याच्या तटातून बाहेर आलेल्या पिंपळावरून सांगितलं. आधी बाहेर येतो, मग वजनानं खाली झुकतो आणि शेंडा पुन्हा उजेडाकडे उचलतो. सरळ खाली ओढलेली फांदी मेल्यासारखी दिसते. हे मला कुणी असं दाखवून सांगितलं नव्हतं.

खालच्या अंगाला लोंबणारा पाला तेवढा कात्रीनं काढला. कुंडी त्याच दिवशी बदलायला त्यांनी साफ नकार दिला. पाऊस स्थिरावला की या म्हणाल्या. उंच कुंडी आणि नवी माती विकून त्यांना त्याच दिवशी आणखी हजारभर मिळाले असते.

आता कमी काय ते. उंच कुंड्यांत दोनच नग होते आणि मी घेतलेल्या कुंडीला एकच भोक, तेही करंगळीएवढं. घरी ड्रिलनं आणखी दोन पाडली. जुनिपर तिथे हिरव्या जाळीखाली फार आत ठेवतात, त्यामुळे घरी आणून एकदम गच्चीवर ठेवू नका, पंधरा दिवसांत हळूहळू उन्हात न्या. एप्रिल-मेमध्ये मात्र आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो. तेव्हा मी अकरानंतर सावली करतो आणि कुंडीला ओलं गोणपाट गुंडाळतो. बोअरच्या पाण्यानं मातीवर पांढरा थर धरतो, म्हणून नळाला पाणी येतं त्या दिवशी याच्यासाठी एक घागर वेगळी भरून ठेवतो.

जुलैत कुंडी बदलली. विटांचा चुरा, जाड वाळू आणि मूठभर पालापाचोळ्याचं खत. त्याच वेळी एका वेढ्याखाली साल फुगलेली दिसली. आमच्या धंद्यात तार वाया घालवत नाहीत, उलगडून ठेवतात, मी तेच करायला गेलो. ताईंनी कटर पुढे केला. प्रत्येक वेढा तोडून काढायचा, उलगडताना कोवळी फांदी मोडते.

सध्या शेंडा कुंडीच्या काठाखाली उतरलाय, बुडाच्या खाली अजून नाही. जपानीत याला हान-केंगाई म्हणतात, पूर्ण केंगाईला आणखी चार इंच हवेत. थंडी पडली की दुसरी तार लावायला बोलावलंय. जाणार असाल तर रविवारी दहाच्या आत जा, नंतर गर्दीत ताईंना वेळ मिळत नाही. कुंडी घेताना तिची भोकं आधी बघा.