काओशुंगला फळांच्या गाडीवर आधी वजन, मग सुरी

तैवानला जाणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्या कानावर हे नक्की घाला. दक्षिणेकडच्या काओशुंग बंदरात आम्हाला फसवलं ते फळांच्या गाडीवर, रात्रीच्या बाजारात.

शहर सुंदर आहे, त्यात दुमत नाही. सकाळी लोटस पाँड या तळ्याकाठच्या जोड-मनोऱ्यांत ड्रॅगनच्या तोंडाच्या दारातून आत शिरून वाघाच्या तोंडातून बाहेर पडलो. तसं केलं की इडापिडा टळते अशी तिथली श्रद्धा. दुपारी गुशानच्या धक्क्यावरून बोटीने चीजिन बेटावर. परतताना फोर्मोसा बुलेव्हार्ड मेट्रो स्टेशनातलं रंगीत काचांचं अवाढव्य छत बघत आई कितीतरी वेळ मान वर करून उभी होती. दिवसभर व्यवहार चोख. टॅक्सी मीटरवर, बोटीचं तिकीट ठरलेलं, कुणी एक डॉलर जास्त घेतला नाही. पर्यटकाच्या याच विश्वासावर ती गाडी चालते, म्हणून मला जास्त राग आहे.

गाडीवर लालबुंद जाम, पेरू आणि भलीमोठी सीताफळं. कोकणातले जाम आठवून आई लगेच थांबली. बाईंनी हसत हसत चवीला फोडी दिल्या. पाटीवर ठळक आकडा: 150. भाव विचारला तर त्याच आकड्यावर बोट. आम्ही होकार देताच जाम आणि पेरू भराभर कापले, वर आंबटगोड प्लम पावडर भुरभुरली, सीताफळ अख्खंच पिशवीत टाकलं आणि मग सगळं काट्यावर ठेवलं. कॅल्क्युलेटर पुढे आला: 900 तैवानी डॉलर. दोन हजार रुपयांच्या वर!

मागे उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीने पाटी वाचून दाखवली, तेव्हा उलगडा झाला. तैवानमध्ये फळं जिनवर विकतात. एक जिन म्हणजे 600 ग्रॅम. या पाटीवर मात्र आकड्याखाली बारीक चिनी अक्षरांत ‘अर्धा जिन’ लिहिलं होतं. म्हणजे 150 डॉलर फक्त 300 ग्रॅमचे, किलोला 500! आमची पिशवी भरली 1 किलो 800 ग्रॅम. भाव लिहिलेला असतो, पण परक्या माणसाला वाचता येणार नाही असा. आणि वजनाआधी सुरी चालवतात ती मुद्दामच, कारण कापलेलं फळ परत कसं करणार? आम्ही अडून बसलो. ती मुलगी आमच्या बाजूने बोलली, तेव्हा कुठे न कापलेलं सीताफळ परत घेतलं. बाकीचे 600 डॉलर द्यावेच लागले. हॉटेलजवळच्या साध्या फळवाल्याकडे तेच जाम निम्म्याहून कमी भावात होते, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

तेव्हा गाडीवर फळं घ्यायचीच असतील तर पाटीवर मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर वाचा, बारीक अक्षरांसकट. फळ अख्खं काट्यावर ठेवायला लावा, एकूण रक्कम कॅल्क्युलेटरवर बघा आणि पटली तरच कापू द्या. ‘ट्राय, ट्राय’ करत कुणी आधीच सुरी उचलली तर हात आडवा करून सरळ पुढे चला. वयस्कर माणसं बरोबर असतील तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा, कारण फोडी आधी त्यांच्याच हातावर ठेवतात. सुपरमार्केटमध्ये हीच फळं किंमत छापलेल्या डब्यांत मिळतात. आणि वाद झालाच तर पाटीचा, काट्याचा फोटो काढून ठेवा. ग्राहकांच्या तक्रारींसाठी तैवानभर 1950 हा नंबर आहे.