मोफत टॅक्स भरून देणारा ‘स्वयंसेवक’ आणि आमचा रिफंड

अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचे टॅक्स रिटर्न मोफत भरून देणारी ‘व्हिटा’ ही सोय खरी आहे, ती १९६९ पासून चालू आहे, आणि आम्हाला फसवणाऱ्या माणसाचा तिच्याशी काडीचाही संबंध नव्हता, हे आधीच स्पष्ट करते. आमची हकिगत ऐकून ओळखीच्या दोन कुटुंबांनी या केंद्रांकडे पाठ फिरवली आणि पुन्हा पैसे मोजून रिटर्न भरून घ्यायला सुरुवात केली, हे मला आमच्या नुकसानीइतकेच लागले आहे.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. यजमान गोदामात कामाला आहेत, मी दुकानात काम करते, मुले दोन, आणि २०२३ चे आमचे दोघांचे मिळून उत्पन्न ४१,००० डॉलर होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या नेहमीच्या किराणा दुकानाच्या दाराशी एक गृहस्थ टेबल मांडून बसले होते; गळ्यात ओळखपत्रासारखे काहीतरी, समोर मोफत टॅक्स सेवेची पाटी. आम्ही आपसात मराठीत बोलतो आहोत हे ऐकताच तेही मराठीत बोलू लागले आणि मी फी विचारल्यावर म्हणाले, “पैसे कसले ताई, ही समाजसेवा आहे.” परक्या देशात आपल्या भाषेतले ‘ताई’ ऐकले की माणूस किती पटकन सैल होतो, याची आता लाज वाटते. त्यांनी आमचे डब्ल्यू-२ (मालकाकडून मिळणारे वर्षाच्या पगाराचे पत्रक), चौघांची सोशल सिक्युरिटी कार्डे आणि बँकेचा चेक यांचे मोबाइलवर फोटो काढले, टॅबलेटवर बोटाने सह्या घेतल्या आणि दहा मिनिटांत आम्हाला मोकळे केले. रिटर्नची प्रत मागितली तेव्हा “ईमेल करतो” असे उत्तर मिळाले. ती ईमेल कधीच आली नाही.

मार्चअखेर खात्यात ७,१०० डॉलर जमा झाले, आणि मुले असलेल्या आमच्या बेताच्या उत्पन्नाच्या घराला साधारण एवढाच रिफंड मिळतो हे ठाऊक असल्यामुळे शंका यायचे काही कारणच उरले नाही.

उलगडा झाला तो पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, गावातल्या सार्वजनिक वाचनालयात भरणाऱ्या खऱ्या व्हिटा केंद्रात. तिथल्या निवृत्त बाईंनी मागच्या वर्षीचे रिटर्न मागितले. ते नाही म्हटल्यावर त्यांनी आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय करखात्याच्या, संकेतस्थळावर आमचे स्वतःचे खाते उघडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे भरलेल्या रिटर्नचा सरकारी उतारा, काढायला लावले. त्यात सरकारने दिलेला रिफंड होता ९,६२७ डॉलर. शिवाय माझ्या नावाने घरगुती ब्यूटी पार्लर दाखवून त्यात ९,००० डॉलरचा तोटा लिहिलेला होता. तोट्यामुळे उत्पन्न ३२,००० वर आले, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे उत्पन्न जितके कमी तितके ‘अर्न्ड इन्कम क्रेडिट’ (कमी कमावणाऱ्या कामकरी कुटुंबांना मिळणारी करसवलत) जास्त, मुख्यतः त्यामुळे रिफंड सुमारे २,४०० डॉलरनी फुगला. रिफंड एकाहून अधिक खात्यांत वाटून घेण्याची सोय कायद्यातच आहे. तिचाच आधार घेऊन वरचे २,५२७ डॉलर आम्ही कधी न पाहिलेल्या खात्यात वळवले गेले होते. म्हणजे जवळपास आमच्या हक्काचे तेवढे आम्हाला देऊन, खोटेपणाने उकळलेले त्यांनी स्वतः घेतले आणि जबाबदारी मात्र आमच्या गळ्यात टाकली, कारण रिटर्न कोणीही भरले तरी त्यातल्या मजकुराला करदाताच उत्तरदायी असतो. रिटर्न भरून देणाऱ्याच्या रकान्यात कोणाचेही नाव नव्हते. कागदोपत्री ते आम्ही स्वतःच भरले होते!

त्या बाई एवढेच म्हणाल्या की धंद्यातला तोटा दाखवणारे रिटर्न व्हिटाच्या स्वयंसेवकाला भरताच येत नाही, ते त्यांच्या कक्षेबाहेरचे आहे. खऱ्या केंद्रात आमचा दीड तास गेला. प्रश्नावलीचा लांबलचक फॉर्म भरून घेतला, दोघांची ओळखपत्रे तपासली, नवराबायकोचे एकत्र रिटर्न असल्याने दोघांनाही समोर बसवले, तयार रिटर्न दुसऱ्या स्वयंसेवकाने पुन्हा तपासले आणि छापील प्रत हातात दिली. तिच्यावर केंद्राचा ‘एस’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक होता. रिफंडच्या ओळीतला राउटिंग क्रमांक (बँकेची ओळख सांगणारा) आणि खाते क्रमांक मी चेकबुक काढून आकडा-आकडा जुळवला. त्या दिवशी दुकानाच्या दाराशी एवढे केले असते आणि एकूण रिफंडची ओळ वाचली असती तर पुढचे काहीच घडले नसते. २०२५ च्या हंगामात व्हिटासाठी उत्पन्नाची मर्यादा साधारण ६७,००० डॉलर होती आणि जवळचे केंद्र आयआरएसच्या संकेतस्थळावर शोधता येते, त्यामुळे टेबल मांडून बसलेल्या अनोळखी माणसाची मुळात गरजच नव्हती.

नोटीस येण्याआधी स्वतःहून चूक दुरुस्त केली तर वीस टक्क्यांचा दंड सहसा टळतो, म्हणून आम्ही लगेच १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरला. पोलिसांत तक्रार दिली आणि तिच्या प्रतीसह १४१५७ व १४१५७-ए हे तक्रारीचे दोन्ही फॉर्म आयआरएसला पाठवले. अशा वादात कमी उत्पन्नाच्या लोकांची बाजू मांडणारी ‘लो इन्कम टॅक्सपेयर क्लिनिक’ असतात, तिथल्या वकिलांकडे आमचे प्रकरण आहे. राज्याचे रिटर्नही याच खोट्या आकड्यांवर भरलेले असल्यामुळे त्याची दुरुस्ती वेगळी करावी लागली. हातात कधी न आलेल्या पैशांचा हप्ता आम्ही सध्या दरमहा भरतो आहोत. दुकानाच्या दारातले ते टेबल त्या मार्चनंतर पुन्हा दिसले नाही, आणि दुकानदाराने आपण फक्त जागा दिली होती असे सांगून हात झटकले.