शेगडीची तुटलेली कॉइल: जोडायची की नवी टाकायची?

हजार वॅटच्या इलेक्ट्रिक शेगडीची कॉइल तुटली की बरेचजण प्लग काढून दोन्ही टोकं पक्कडीने पिळतात. फुकटात काम होतं, पण चार दिवसांपुरतं. सांध्यावर काळा थर धरतो, तिथे रोध वाढतो आणि तार पुन्हा तिथेच जळते. सोल्डर तर लावूच नका, १९० अंशांच्या आसपास वितळतं. शिवाय जळका तुकडा कापला की कॉइल आखूड होऊन करंट वाढतो.

नवीच टाका. मुंबईत लोहार चाळीत, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारात, वॅट सांगून घ्या. मल्टिमीटरवर तिचा रोध ५० ओहमच्या आसपास दाखवायला हवा. शेगडीच्या खाचेत सुतळी बसवून लांबी मोजा, कॉइल तेवढीच, सगळीकडे सारखी ताणा. वेटोळी दाटीने राहिली तर तिथेच जास्त तापून तुटते. टोकं वॉशर घालून घट्ट आवळा.