गोरटेक्स, जाळी की बाजूला भोकं? नाशिकच्या पावसात लांब पळणाऱ्यांसाठी शूजचा रोखठोक रिव्ह्यू

जुलैत गंगापूर रोडने सोमेश्वरकडे किंवा त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीच्या दिशेला वीस-पंचवीस किलोमीटर पळायचं म्हटलं, की शूज ओले होणार हे धरूनच चालायचं. खड्ड्यात साचलेलं पाणी असतं, शेजारून गेलेल्या बसने उडवलेलं असतं. शिवाय चड्डीवरून मांडीला, पोटरीवरून मोज्यात आणि मोज्यातून थेट बुटात उतरणारं पाणी असतं, ते कुणाच्या हिशोबात नसतं. म्हणून दुकानात "वॉटरप्रूफ आहे का?" हा प्रश्न चुकीचा. आत शिरलेलं पाणी किती पटकन बाहेर पडतं, ते बघायचं. त्याच कसोटीवर इथे तीन पर्याय लावले आहेत: गोरटेक्सचे (आत पाणी अडवणारा पडदा असलेले) शूज, साधे जाळीचे शूज, आणि जाळीच्याच शूजला बूट दुरुस्तीवाल्याकडून पाडून घेतलेली भोकं.

गोरटेक्स आधी निकालात काढू. त्यातल्या पातळ पडद्याची छिद्रं इतकी बारीक असतात की पाण्याचा थेंब अडतो आणि वाफ तेवढी जाते. पडदा काम चोख करतो, घोळ तिथेच आहे. घोट्याशी बूट उघडाच असतो. तिथून आलेल्या पाण्याला बाहेर पडायला आधी वाफ व्हावं लागतं, आणि पावसाळी दमट हवेत ते तासन् तास होत नाही. तोवर प्रत्येक पावलाला आत डचमळत राहतं. डिसेंबरात निफाडकडे पहाटे दवाने भिजलेल्या बांधावरून तासभर पळणाऱ्याला हे शूज छान. पावसाळी मॅरेथॉनला मात्र नकोत, आणि त्यासाठी जास्तीचे काही हजार मोजायची तर मुळीच गरज नाही.

जाळीचे शूज निवडताना ब्रँडपेक्षा बांधणी बघा. मोबाईलचा टॉर्च लावून फोन बुटाच्या आत, चवड्याच्या जागी ठेवा. बाहेरून करंगळीच्या आणि अंगठ्याच्या बाजूला प्रकाशाचे ठिपके स्वच्छ दिसले पाहिजेत. नुसता अंधुक उजेड दिसला तर जाळीमागे अस्तर किंवा प्लॅस्टिकची फिल्म चिकटवलेली आहे असं समजा. कित्येक शूजमध्ये जाळी वरच्या बाजूला मोकळी असते आणि कडेने, म्हणजे पाणी जिथून जायला हवं नेमकं तिथेच, फिल्मची पट्टी फिरवलेली असते.

मग इनसोल, म्हणजे पायाखालची आतली सुटी गादी, बाहेर काढा. सगळ्यात जास्त पाणी पितो तो हाच, आणि त्याच्याकडेच कुणी बघत नाही. स्पंजसारखा मऊ, उघड्या छिद्रांचा पीयू फोम दुकानात पायाला गोड लागतो. भिजला की पिळावा लागतो. बंद छिद्रांचा ईव्हीए इनसोल पाणी जवळजवळ धरत नाही. ओळखायला सोपं: उलट बाजूवर पाण्याचा थेंब ठेवून बोटाने दाबा. जिरला तर पावसाळ्यापुरता इनसोल बदला. टाचेभोवतीची जाड गादी आणि फुगीर जीभ हे दुसरे पाणचट भाग. ते बदलता येत नाहीत, म्हणून मुळातच पातळ असलेले घ्यावेत. सोलचा मुख्य फोम बहुतेक बंद छिद्रांचाच असतो, त्याची काळजी नको.

घरी खात्री करायची असेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. कोरड्या बुटाचं वजन घ्या, बादलीत मिनिटभर पूर्ण बुडवा, पाणी ओतून टाका, घालून अर्धा किलोमीटर पळा आणि पुन्हा वजन करा. पाण्याचा एक मिलिलीटर म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे फरक निघेल तेवढं पाणी आत अडकलंय. दर बुटामागे १०० ग्रॅम वाढले की पळायला लागणारी ऊर्जा साधारण एक टक्क्याने वाढते; चार तासांच्या मॅरेथॉनमध्ये ती जवळपास दोन मिनिटं झाली. पण वेळेपेक्षा कातडीचं नुकसान मोठं. तळवा पांढरा पडून सुरकुततो, सुरकुतीवर सुरकुती घासते आणि तिसाव्या किलोमीटरच्या आसपास फोड येतो.

आता भोकांचा विषय. जाळी इतकी मोकळी असताना भोकं कशाला, असं वाटेल. इनसोल काढलेल्या बुटात हात घालून बघा. आजकालच्या बऱ्याच शूजमध्ये पाय फोमच्या वर नसतो, फोममध्ये रुतवलेला असतो, आणि कडा सगळीकडून वर आलेल्या असतात. बाहेरून दिसणारी फोमची वरची कड आणि आतला तळ यांत पाच-दहा मिलिमीटरचा फरक सहज निघतो. थोडक्यात बूट म्हणजे परात, आणि जाळी सुरू होते ती काठाच्या वर. काठाखालचं पाणी पाऊल आपटल्यावर उसळून जाईल तेवढंच जाईल. म्हणूनच नुसत्या जाळीला आयलेट (भोकाच्या कडेला बसवायची धातूची कडी) मारून आणणाऱ्यांना फारसा फरक जाणवत नाही. भोकं शोभेला राहतात.

भोक पाडायचं ते फोमच्या कडेला, आतल्या तळाला लागून. पट्टीने आतली खोली मोजा आणि बाहेरून फोमच्या वरच्या कडेपासून तेवढंच खाली बॉलपेनने खूण करा. बूट हाताने वाकवला की चवड्यापाशी घडी पडते; त्या रेघेवर भोक नको, काही आठवड्यांत त्याची चीर होते. बाहेरच्या बाजूला करंगळीच्या मुळाशी घडीच्या जरा मागे एक, आणि आतल्या बाजूला तळव्याच्या कमानीपाशी एक, एवढी दोन बहुतेकांना पुरतात. तीन मिलिमीटर पुरे. ड्रिलचा बिट हातानेच फिरवत, बाहेरच्या टोकाला किंचित उतार देत घाला म्हणजे पाणी आपोआप वाहतं. जाळीलाही भोक हवंच असेल तर सोल्डरिंगच्या टोकाने, खिडकी उघडी ठेवून पाडा; कडा वितळून बंद होतात आणि धागे सुटत नाहीत. आयलेट बसवायचंच तर पितळी, लोखंडी गंजतं. आतून बोट फिरवून बघा, मुडपलेली कड टोचत असेल तर त्यावर कापडी टेप लावा.

तळातून आरपार भोक पाडू नका. मुरूम आणि बारीक खडी तिथून आत येते. कार्बन प्लेट किंवा हवेची पिशवी असलेल्या शूजना हातच लावू नका. भोक पाडल्यावर वॉरंटी विसरायची, म्हणून हा प्रयोग जुन्या जोडावर करावा. बूट दुरुस्तीवाल्याकडे जाताना खुणा करूनच जा, नाहीतर तो पट्ट्याला पाडतो तसं सवयीने वरच्या बाजूला पंच मारून देईल.

खर्च किरकोळ, फायदा खरा, पण सगळ्यांसाठी नाही. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर किंवा डांबरी रस्त्यावर पंधरा-वीस किलोमीटर पळणाऱ्याला मोकळी जाळी आणि ईव्हीए इनसोल पुरेसा आहे. परात पाच मिलिमीटरपेक्षा खोल असेल आणि वाट पहिने किंवा ब्रह्मगिरीच्या बाजूची, ओढे ओलांडत जाणारी असेल, तरच भोकं पाडा. (श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करणारे कित्येक जण अनवाणीच असतात. निचऱ्यात त्यांना कुणी हरवू शकत नाही.)

त्या बाजूची अडचण चिखलाची. तिथली चिकट माती जाळीच्या छिद्रांत बसली की चांगला बूटही रबरी बुटासारखा वागतो. ओढा लागला तर पाय नुसता घालून काढू नका, चार-पाच वेळा आत खळबळवा.

मोजे सुती नकोत. पातळ नायलॉन-पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकर. पळण्याआधी तळव्याला आणि बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन किंवा झिंक ऑक्साइडचं मलम जाड थापा. पावडर नको, ओली झाली की तिचा लगदा होऊन घासतो. ओल्या बुटात टाच सरकते, म्हणून वरच्या जादा भोकातून लेस ओवून टाच बांधा आणि दुहेरी गाठ मारा.

घरी आल्यावर आधी चिखल साध्या पाण्याने धुवा. इनसोल आणि लेस काढून वेगळ्या ठेवा, जीभ पुढे ओढा, आत रद्दी कोंबा. पहिली रद्दी तासाभरात चिंब होते, ती बदलली नाही तर ओल तिथेच राहते. नंतर बूट पंख्याखाली आडवे ठेवा. गॅसजवळ किंवा हीटरसमोर ठेवले तर चिकटवलेला सोल सुटतो आणि फोम आकसतो. पावसाळ्यात एका रात्रीत शूज पूर्ण वाळत नाहीत, त्यामुळे आठवड्यात चार दिवस पळणाऱ्याला दोन जोड लागतातच. दुसरा महाग असायची गरज नाही, जाळी मोकळी असली की झालं.